आगाशेबाईंचा कागद

मांजराचं पिल्लू आजारी पडलं की ओरडत नाही, गप्प होतं. हे ज्याला कळलं त्याला आमचा अर्धा धंदा कळला. माणसाचं मूल आजारी पडलं की घर डोक्यावर घेतं, म्हणून लोक पिल्लाकडूनही तीच अपेक्षा ठेवतात. पिल्लू भुकेलं असलं की ओरडतं, थंडी वाजली की ओरडतं, आई दिसेनाशी झाली तर सगळी बिल्डिंग गोळा करतं. हे सगळं चांगलं आहे. ज्या दिवशी ते कोपऱ्यात जाऊन शहाण्यासारखं बसेल, त्या दिवशी पायात चपला घालायच्या आणि दवाखाना गाठायचा.

मी पेठेतल्या एका खाजगी जनावरांच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं काढली. आधी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली, ते गेल्यावर त्यांच्या मुलीच्या. मी डॉक्टर नाही, कंपाउंडरही नाही. जनावर धरायचं, टेबल पुसायचं, जखमा धुवायच्या, ही माझी कामं. सगळे मला मामा म्हणायचे. शाळा चौथीपर्यंत, तीही खडकवासल्याच्या वरच्या अंगाला आमच्या गावात. चौथीनंतर माझी बदली म्हशींकडे झाली.

या अंकाच्या संपादकांचा बोका मी अनेकदा धरलेला आहे. त्याचे ओरखडे माझ्या मनगटावर आहेत, त्यामुळे लिहा म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा, असं ते म्हणाले. गमती आहेत, सांगतो. पण आगाशेबाईंची गोष्ट गमतीची नाही, आणि ती कापायची नाही या अटीवर मी लिहायला बसलो. मी त्यांचं एक पिल्लू मारलं आणि दोष त्यांच्यावर ढकलला. शुद्धलेखन सुनेने सुधारलंय. हे वाक्य जरा मऊ करा म्हणत होती. करू दिलं नाही.

आधी माझं काम काय होतं ते कळलं पाहिजे. डॉक्टर एक आणि बाकावर जनावरं पंधरा. कुणाला आधी आत घ्यायचं हे मी ठरवायचो. चिठ्ठ्या नाहीत, नंबर नाहीत. मी बाकावरून एक चक्कर मारायचो आणि प्रत्येकाला हात लावायचो. पिल्लू असलं तर आधी तोंडात करंगळी. जिवंतपणा असेल तर ते करंगळी ओढतं, आणि तोंड आतून कोमट लागतं. तोंड गार लागलं तर सगळ्यांना बाजूला सारून ते आत. मग ओठ वर करून हिरडी बघायची. गुलाबी असली तर ठीक. पांढरी पडली असेल तर बहुतेक पिसवांनी रक्त प्यायलेलं असतं, मूठभर पिल्लाला तेवढंही जड जातं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची, लगेच बसली तर अंगात पाणी आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा अर्ध्यावर आला असेल तर काहीतरी बिघडलंय. हे मी कुठे वाचलं नाही. मोठे डॉक्टर बोलत जायचे, मी बघत जायचो. पुढे पुढे तेच लोकांना सांगायचे, मामांनी हात लावला का, मग ठीक आहे. अशा बोलण्याने माणूस चढतो. मीही चढलो.

खराडीच्या कुठल्याशा कंपनीतला एक मुलगा आला होता. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, काखेत बुटांचं खोकं, खोक्यात महिन्याभराचं पिल्लू. म्हणाला, "मामा, हिला काही प्रॉब्लेम नाहीये, फक्त रूटीन चेकअप. एकदम कूल आहे, दिवसभर झोपते, आवाज पण नाही." मी करंगळी घातली. फ्रीजमधून काढल्यासारखं तोंड. तो खिशातून दुधाची बाटली काढायला लागला, मी त्याचा हात धरला. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नसतं, त्याचं पोट काम करत नाही, दूध तसंच आत राहून नासतं. आधी ऊब द्यायची, तीही हळूहळू. तासभर मी ते पिल्लू बनियनच्या आत छातीला लावून बाकीची कामं केली. शेवटी त्याने मला ओरबाडलं, तेव्हा मी त्या मुलाला म्हटलं, आता दूध काढ. पुढे तो दर वेळी तिला घेऊन आला की तक्रार करायचा, मामा, ही फार त्रास देते. मी म्हणायचो, देऊ दे.

उलटे नमुनेही असायचे. एक निवृत्त गृहस्थ पिल्लाला छातीशी धरून धावत आले. त्याच्या छातीत घरघर आहे, मांडीवर घेतलं की वाढते, खाली ठेवलं की थांबते, कफ झालाय, असं त्यांनी स्वतःच निदान करून आणलं होतं. सत्तरीपर्यंत त्यांनी मांजर कधी मांडीवर घेतलेलं नव्हतं. मी म्हटलं, साहेब, तो खूश आहे. ते बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्यावर?"

सगळ्यांचं असं गोड होत नाही. वाघोलीच्या कॉलेजातल्या मुलींनी एक पिल्लू आणलं. त्याला खूप तहान लागतीये, सकाळपासून पाण्याच्या वाटीपाशी बसून आहे, असं त्या सांगत होत्या. मी विचारलं, पितंय का? त्यांनी एकमेकींकडे बघितलं. वाटीवर मान टाकून बसायचं आणि पाणी प्यायचं नाही, ही वाईट खूण. आतड्याचा एक रोग असतो त्याची, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतो. मी त्यांना टोपलीसकट बाकावरून उठवून मागच्या दाराला नेलं. त्या रडवेल्या झाल्या, त्यांना वाटलं मी हाकलतोय. पिल्लू दोन दिवसांनी गेलं, पण बाकावरची बाकीची वाचली. तेव्हा मला माझाच अभिमान वाटला होता. आता त्या मुलींचे चेहरे जास्त आठवतात.

आता आगाशेबाई.

बाई एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. लग्न केलं नाही. नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर भावाच्या विधवा बायकोबरोबर राहायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या दवाखान्याचं एक काम अंगावर घेतलं, ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं. आई मेलेली, कुणी रस्त्यात टाकलेली, डोळेही न उघडलेली पिल्लं आमच्याकडे यायची. त्यांना दर दोन-तीन तासांनी ड्रॉपरने दूध पाजायचं, पोट चोळून शी-शू करवायची, ऊब द्यायची. दवाखान्यात हे होत नाही. ती पिल्लं आम्ही आगाशेबाईंकडे पाठवायचो. महिन्याने त्या पिल्लू परत आणायच्या आणि टेबलावर ठेवायच्या. "हे आपलं. आता ह्याला घर बघा." बोलणं एवढंच. माझ्यासारख्यालाही त्या अहो-जाहो करायच्या.

त्या पिल्लाचं रोज वजन करायच्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्टीलचं पातेलं ठेवून, त्यात पिल्लू. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढलं पाहिजे, म्हणायच्या. वाढलं नाही तर लक्ष ठेवायचं, घटलं तर थांबायचं नाही. धाकट्या डॉक्टरीणबाईंना हे फार पटायचं, त्यांनीही एक काटा आणून टेबलावर ठेवला. मला तो काटा बघवायचा नाही. मी म्हणायचो, हे काय किराणा दुकान आहे का. माझा हात काय सांगतो ते बघा.

तो दिवस. आत डॉक्टरीणबाई एका कुत्रीचं पोट फाडून पिल्लं काढत होत्या, त्यात त्यांना दोन तास हलता येणार नव्हतं. बाहेर बाक भरलेला. आगाशेबाई आल्या, हातात टोपली, टोपलीत फडक्यात गुंडाळलेलं तीन आठवड्यांचं करड्या रंगाचं पिल्लू आणि खाली गरम पाण्याची पिशवी. त्यांनी घडी केलेला एक कागद माझ्या हातात दिला.

"ह्याचं काय होतंय?" मी विचारलं.

"सगळं लिहिलंय. आपण वाचून घ्या. तोंडी सांगण्यात चूक होते."

आता माझ्या वाचण्याबद्दल सांगायला हवं. पेपरातले मोठे मथळे मला वाचता येतात. दुकानांच्या पाट्या येतात. पण हाताने लिहिलेलं बारीक, तिरकं अक्षर मला ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवून वाचावं लागतं, आणि वाचताना माझे ओठ हलतात. घरी ठीक आहे. बाकावर पंधरा माणसं बसलेली असताना, त्यांत दोन प्राध्यापक, मी बोट फिरवत ओठ हलवत उभा राहणार नव्हतो. मी कागद उघडला, त्याच्याकडे बघितलं, जेवढा वेळ वाचायला लागावा असं मला वाटलं तेवढा वेळ बघितलं, आणि घडी करून खिशात ठेवला.

मग पिल्लाला हात लावला. तोंड कोमट होतं. पिशवीवर ठेवलेलं पिल्लू कोमट लागणारच, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही. हिरडी फार गुलाबी नव्हती, फार पांढरीही नव्हती. पोट भरलेलं, टणक. करंगळी घातली तेव्हा त्याने ओढली नाही. मी मनात म्हटलं, दूध पिऊन आलंय, कशाला ओढेल.

"चांगलं आहे बाई. घेऊन जा. उद्या आणा वाटलं तर."

"मी थांबते. डॉक्टर मोकळ्या होऊ देत."

"दोन तास लागतील. मी सांगतोय ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कागद वाचलात ना?"

"वाचला."

त्या गेल्या. मी मुद्दाम सांगतो, त्या माझ्या शब्दावर गेल्या. वाद घालणाऱ्या बाई होत्या, रिक्षावाल्याशी, महापालिकेशी, सगळ्यांशी. माझ्याशी घातला नाही.

संध्याकाळी घरी चहा झाल्यावर मी शर्ट काढताना खिशात कागद हाताला लागला. खिडकीपाशी बसून बोट ठेवून वाचला. वर तीन दिवसांची वजनं होती. दोनशे ब्याऐंशी. दोनशे शहात्तर. दोनशे अडुसष्ट. खाली लिहिलं होतं: दूध ओढत नाही, नळीने पोटात सोडावे लागते. सकाळपासून रडणे बंद. आणि त्याखाली रेघ मारून: डॉक्टरांना आजच दाखवावे.

सकाळपासून रडणे बंद. जे वाक्य मी इतकी वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं, ते मला लिहून दिलं होतं आणि मी खिशात घालून फिरत होतो.

दवाखान्यात फोन करता आला असता. बाईंच्या घरी जाता आलं असतं, चालत वीस मिनिटं. मी गेलो नाही. एक दिवसाने काय होतंय, उद्या पहिलं आत घेऊ, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की गेलो असतो तर दुपारी वाचलं नव्हतं हे कळलं असतं.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी बाई पायरीवर उभ्या होत्या. टोपलीवर फडकं झाकलेलं होतं, त्यावरूनच कळलं. त्या रडल्या वगैरे नाहीत. विचारलं, "मामा, माझ्याकडून काय राहिलं?"

मी म्हणालो, "असं होतं बाई. कधीकधी दूध कमी पडतं."

ते वाक्य माझ्या तोंडातून इतक्या सहज आलं की मलाही क्षणभर ते खरं वाटलं. बाईंनी मान हलवली. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, पिल्लू काल आलं होतं तर मला का नाही दाखवलं, बाई नेहमी वजनं लिहून आणतात, आणली नव्हती का? मी सांगितलं, आणली नव्हती.

हे माझ्या हातून झालेलं तिसरं खोटं. पहिली दोन बाईंशी होती, "वाचला" आणि "दूध कमी पडतं".

पुढच्या उन्हाळ्यात आंब्याच्या पेटीत घालून कुणीतरी तीन पिल्लं दाराशी सोडली. डोळे मिटलेले. मी पेटी उचलून नेहमीप्रमाणे नारायण पेठेत गेलो. दार वहिनींनी उघडलं, म्हणजे बाईंच्या भावजयीने. त्यांना मांजरांचा पहिल्यापासून तिटकारा. पेटीत डोकावल्या आणि आत तोंड करून म्हणाल्या, "आली गं तुझी. घे, आणखी तीन उपाशी मारायला."

बाई बाहेर आल्या. पेटीकडे त्यांनी बघितलंही नाही. "मामा, मला दुधाचा अंदाज राहिला नाही. आपणच म्हणालात. आता मला आणू नका."

त्या वेळी दारात सांगायला हवं होतं. वहिनी ऐकत उभ्या होत्या म्हणून सांगितलं नाही, असं मी बराच काळ धरून चाललो. त्या नसत्या तरी सांगितलं नसतं. पेटी घेऊन तीन मजले उतरलो. त्या तिघांतलं एक जगलं.

त्यानंतर चार वर्षं दवाखान्यात आईविना पिल्लू आलं की डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आगाशेबाई असत्या तर. मी टेबल पुसत राहायचो. काटा मात्र मी वापरायला लागलो. आकडे वाचता येतात, आकड्यांना ओठ हलवावे लागत नाहीत. नोकरीच्या शेवटच्या वर्षात तर मी लोकांना सरळ सांगायला लागलो, मला वाचता कमी येतं, तुम्ही वाचून दाखवा. कुणी हसलं नाही. उलट एक गृहस्थ म्हणाले, माझं अक्षर मलाही लागत नाही. इतकं सोपं होतं.

मी निवृत्त झालो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी छोटासा समारंभ केला. शाल दिली, आणि चार माणसांसमोर म्हणाल्या की मामांचा हात एकदाही चुकला नाही. मला शाल अंगावर ठेवता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी तीन मजले चढलो.

बाईंनीच दार उघडलं. बरीच वर्षं झाली होती. बारीक झाल्या होत्या. बसा म्हणाल्या, मी उभाच राहिलो. सगळं सांगितलं. खिशातला कागद, घरी खिडकीपाशी वाचला ते, दूध कमी पडलं म्हणालो ते, डॉक्टरांशी खोटं बोललो तेही. माफ करा हा शब्द मी जिना चढताना तयार करून नेला होता, तो काही आला नाही.

बाई म्हणाल्या, "वाचता येत नाही म्हणाला असतात, तर मी वाचून दाखवला असता. अर्धं मिनिट लागलं असतं."

"हो."

"म्हणजे दूध कमी नव्हतं."

"नव्हतं."

"नीट सांगा."

"बाई, दूध कमी नव्हतं. तुमचं काही चुकलं नव्हतं. पिल्लू आजारी होतं, ते तुम्ही ओळखलं होतं. मी ओळखलं नाही."

दवाखान्यात त्या आठवड्यात दोन पिल्लं आली होती, डोळे न उघडलेली. मी म्हटलं, तुम्ही हो म्हणालात तर आत्ता जाऊन घेऊन येतो. बाईंनी उजवा हात पुढे केला आणि माझ्यासमोर तसाच धरून ठेवला. बोटं थरथरत होती. थांबतच नव्हती.

"ड्रॉपर धरवत नाही आता," त्या म्हणाल्या. "मागच्या दिवाळीपर्यंत धरवत होता."

मग त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली. "वहिनी, जरा बाहेर या. मामा काय सांगतायत ते ऐका."

वहिनी हात पुसत आल्या. मी परत पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. वहिनी ऐकत गेल्या तशा पदराशी चाळा करायला लागल्या. माझं संपल्यावर त्या बाईंकडे वळल्या.

"अगं, मी आपलं बोलायचं म्हणून बोलायची. तू इतकं मनावर घेतलंस?"

बाईंनी हात मागे घेऊन दुसऱ्या हातात धरला.

"मला ते खरं वाटत होतं, वहिनी."